सहा नंबरची गिऱ्हाइकं

कॉर्बिन्स गॅप,
गुरुवार, ११ जानेवारी

लाडक्या क्रिस्टा,

आजीने तुझ्या गालाला चिमटा काढलाय, पोचला असं समज. इथे सगळं ठीक. नव्वदीच्या आतले कुरकुरतात, वरचे मजेत आहेत. पत्र नेहमीप्रमाणे शेजारची वेरोनिका लिहून घेतेय, चर्चमध्ये स्तोत्रं म्हणते ती. मी श्वास घ्यायला थांबले की ती स्वल्पविराम टाकते. शिंकले तर काय टाकते, देव जाणे. मला अक्षर ओळखता येत नाही म्हणून मागच्या पत्रातल्या माझ्या शिव्या तिने गाळल्या, हे तुझ्या उत्तराच्या गोड सुरावरून कळलं. या वेळी ताकीद दिलीय.

नाताळच्या सणाला तू आली नाहीस. मशरूमचं आंबट सार केलं होतं, पिरोहीच्या उकडलेल्या करंज्यांत बटाटा भरला होता. तुझी खुर्ची मांडली, तुझ्या बापाचीही मांडली. वेरोनिका म्हणाली, हे जेवणाचं टेबल आहे की बसची वाट बघायची जागा?

आता कामाचं. आपल्या केबल कंपनीच्या बोर्डाने तुला मुख्य साहेबाची खुर्ची देऊ केली, हे मला केस कापणारीकडून कळलं. नातीकडून कळलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं. तुझ्या आजोबांनी कंपनी काढली, बापाने वाढवली आणि विकली, म्हणून आता हुडाक नाव लावणारं माणूस हवंय त्यांना. होडी बुडायला लागली की वल्हं घरच्याच माणसाच्या हातात द्यावं!

आधीचा मुख्य साहेब ऑल्डरसन नोकरी सोडून गेला, ते तुला माहीत असेल. त्याच्या आधी हिशेब बघणारी ट्रेडवेलबाई गेली. दोघांच्या राजीनाम्याच्या कागदावर तेच वाक्य, कुटुंबाला वेळ देण्यासाठी. तुझ्या बापाच्या कागदावरही तेच होतं. ट्रेडवेलबाईचं कुटुंब म्हणजे एक मांजर, आणि ते ती इथेच टाकून गेली. आता ते माझ्याकडे असतं आणि मी लोणी जरा जास्त घेतलं की अगदी तिच्यासारखंच बघतं.

खुर्ची घेऊ नकोस, असं मी लिहायला सांगणार होते. वेरोनिकाने लिहिलंही. मग खोडायला लावलं. आधी सगळं ऐक.

सहा नंबरची वस्ती तुला आठवायची नाही. वर, खाणीच्या सहाव्या तोंडापाशी होती. माझा संसार तिथे झाला, तुझा बाप अ‍ॅन्डी तिथे जन्मला. तुझ्या आजोबांनी डोंगरावर अँटेना उभी केली आणि पहिली तार सहा नंबरला ओढली. बायको संध्याकाळभर भिंतीशी बोलते, त्यापेक्षा टीव्हीशी बोललेली बरी, असं म्हणायचे. पुढे खालून पोखरलेली जमीन खचू लागली. सरकारने माणसं उठवली, घरं पाडली, पायासुद्धा ठेवला नाही. खांब आणि तार तेवढी राहिली.

ऑल्डरसनने राजीनामा दिला त्याच दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. तोंडावर रंग म्हणून नव्हता. मी त्याला बसवलं आणि मध-संत्री घालून उकळलेली आपली दारू पाजली, तेव्हा त्याचे दात वाजायचे थांबले. म्हणाला, सगळ्या खोऱ्यातून गिऱ्हाइकं गळतायत, जो तो मोबाइलवाल्यांकडे चाललाय. वाढतायत ती फक्त एका ठिकाणी. जिथे घर नाही, माणूस नाही, तिथे रोज संध्याकाळी तार वापरली जाते, आणि दर हिवाळ्यात जरा जास्त.

"तक्रार करतात का?" मी विचारलं.

"कधीच नाही."

मग तुमची सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं तीच की, म्हटलं. तो हसला नाही. एक मोठी कंपनी आपली कंपनी घ्यायला तयार आहे, म्हणाला, माणसंही सगळी ठेवून घेणार आहे. अट एकच. सहा नंबरची तार बंद करून द्या. ज्या तारेच्या टोकाला कोण आहे ते सांगता येत नाही, ती त्यांना नको. आधी ट्रेडवेलबाई वर बघायला गेली. खाली आली आणि सामान बांधू लागली. मग हा स्वतः पक्कड घेऊन गेला.

ऑफिसात बसून बंद होत नाही का, मी विचारलं. होते, म्हणाला, एका बटणावर होते. पण बंद करण्याआधी प्रत्येकाला एकदा बघून यायचं असतं.

"मग काय बघितलंस?"

"कुणीतरी म्हणालं, पाय पूस."

"कोण?"

"कुणी नव्हतं, मिसेस हुडाक. दार नव्हतं, पायपुसणं नव्हतं. नुसता बर्फ. आणि मी पाय पुसले."

मग तोच आवाज त्याला बस म्हणाला. तो बसला. कशावर बसला, ते त्याला सांगता येईना. मी विचारलं, बसण्याआधी फुंकर मारलीस का? कसली फुंकर, त्याने विचारलं. डेन्व्हरचा माणूस, त्याला कोण शिकवणार? आपल्याकडे सणाच्या संध्याकाळी तीन वर्षांचं पोरही बाकावर फुंकर मारल्याशिवाय बूड टेकत नाही. आपलं गेलेलं कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असतं, त्याला सरकायला वेळ द्यावा.

"नाही मारली," तो म्हणाला. "आणि माझ्या खाली कुणीतरी उसासा टाकला."

तिथून तो पळाला तो थेट राजीनामा लिहायलाच. जाताना दारात थांबून विचारतो, तुमच्या मुलाचा आवाज कसा होता? मी दार लावून घेतलं.

इथला नळ परवा गोठला होता. सोडवला. मांजराने पडद्याची वाट लावली. फादर ग्रेगरींचा गुडघा बरा आहे, पण प्रवचन काही छोटं झालेलं नाही.

वेरोनिका पेन धरून बसलीय. पुढचं लिहायचं नाही म्हणते. तू लिही, म्हटलं, खाली नाव माझं आहे.

सणाच्या संध्याकाळी पहिला तारा दिसेपर्यंत आपण जेवायला बसत नाही. तो बघायचा म्हणून मी वेरोनिकाला गाडी काढायला लावली आणि सहा नंबरला नेलं. अंधार पडत होता. बर्फावर निळे चौकोन पडले होते. खिडकीतून टीव्हीचा उजेड अंगणात पडतो, तसे. हलत होते, उजळत होते, मंद होत होते. खिडकी नाही, भिंत नाही, आवाजही नाही. मी एकेक ओळखत गेले. हा पेत्राशांचा. हा म्हाताऱ्या सोकोलचा, हा कुठल्याच कार्यक्रमावर टिकत नाही, सारखा बदलतो. टोकाला आपला होता. त्यातून एक सावली गेली. मान कलती, एका हाताने कान ओढत. हिशेब पटला नाही की कान कोण ओढायचं, ते मी तुला सांगायला नको.

जमीन खचली आणि बाप गेला, असं तुला सांगितलं. गाडी सापडली, माणूस नाही. शेरीफने खोटं सांगितलं नाही पोरी, त्याला दिसलं तेवढंच सांगितलं. तू रिकामी पेटी पुरलीस आणि नंतर इथे पाय ठेवला नाहीस. पण राजीनामा देऊन अ‍ॅन्डी त्या दिवशी सहा नंबरला गेला तो शेवटचं एकदा बघायला. त्यालाही नव्या मालकांनी तार बंद कर म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच्याने ते होईना. त्याला कुणीतरी बस म्हणालं असणार. आणि अ‍ॅन्डीला रीत माहीत होती. त्याने फुंकर मारली असणार, आणि ती माणसं सरकली असणार. जागा झाली, मग उठून यायचं कारण काय उरलं?

ऑल्डरसन परत आला, कारण त्याला काहीच येत नव्हतं. तुला येतं. तुला मीच शिकवलंय.

म्हणून नीट ऐक. खुर्ची घे. ऑफिसात माणसं आहेत, खांबावर चढणारे आहेत, त्यांच्या घरी खाणारी तोंडं आहेत. तू नाही म्हणालीस तर ती कंपनी दुसरीकडे जाईल आणि हे सगळे रस्त्यावर येतील. गेलेल्यांसाठी जिवंतांची चूल विझवायची नाही. तेव्हा सही कर आणि ते बटण तूच दाब, परक्याने दाबण्यापेक्षा. पण खालूनच दाब. वर जाऊ नकोस. बघून येते म्हणू नकोस. मी बघून आलेय, तेवढं आपल्या घराला पुरे.

फक्त दिवस आधी कळव आणि वेळ संध्याकाळची ठेव. मी वर जाऊन बसेन. वेरोनिका म्हणते, मी गाडी काढणार नाही. काढेल. ती लग्नालाही आधी नाहीच म्हणाली होती.

रडू नकोस. माझं वय बघ, आणि इथल्या संध्याकाळी बघ. मला त्यात जड काही नाही. पण अ‍ॅन्डीचं तसं नाही. मोठा साहेब झाला तरी जिन्यातला दिवा लावल्याशिवाय तो वर झोपायला जात नसे. एकदम अंधार होईल, तेव्हा शेजारी कुणीतरी ओळखीचं हवं त्याला.

दिवस कळव.

तुझी आणि त्याचीही,
पॉलिन