दोन्ही गुडघे सारखे नसतात

प्रिय मामा,

'प्रिय' सवयीने लिहिलं, राग गेलेला नाही. तू गेल्यापासून हे पत्र टाळतोय. कधी अंबरनाथला देवळामागे बसलो, कधी बदलापूरला नदीत मासे बघत अख्खा दिवस घालवला... ते जाऊ दे. आज लिहायलाच हवं. संध्याकाळी कारखान्याचा सेठ ती पँट न्यायला येणार आहे.

तुझी नमुन्याची पँट! जिच्याकडे बघत तू कॅम्प तीनच्या कारखान्यात आयुष्यभर नव्या जीन्स पॉलिशपेपरने घासून जुन्या केल्यास.

माझी पहिली जीन्स आठवते? दोन्ही गुडघे मी अगदी सारखे घासले होते. तू सगळ्यांसमोर ती माझ्या तोंडावर फेकलीस. "माणूस दोन्ही गुडघ्यांवर सारखा बसतो का रे, गाढवा? ही कला आहे, भांडी नाही घासायची!"

कसली कला, मामा? न जगलेलं आयुष्य कापडावर घासायचं, ती कला? ज्याची पँट खरंच विरलीय, त्याला कुठल्या मॉलचा वॉचमन आत सोडतो? तू स्वतः तर कायम इस्त्रीची पँट घातलीस!

आणि ती पँट तरी तुझी होती का? वांगणीच्या बाळूची. भाजीच्या मळ्यात डावा गुडघा टेकून राबणाऱ्या बाळूची. त्याला नवी देऊन तू ती आणलीस. "नमुना काढला की परत देतो," म्हणालास, माझ्यासमोर. दिलीस? तो निळा रंग त्याच्या गुडघ्याने उतरवला होता. पण सेठ "मास्टर, आप तो आर्टिस्ट हो," म्हणाला की तू फुगायचास. बाळूचं नाव एकदाही निघालं नाही तुझ्या तोंडून. लाज नाही वाटली?

आता सेठने जीन्सचा रंग उडवणारं लेझर मशीन आणलंय. "पँट दे दे, फोटो खींचके दिनभर वही माल निकालेगी." दिवसभर तोच एक गुडघा, सगळ्यांना! तुझा हात निदान दर वेळी वेगळा चुकायचा. बघ, भांडायला बसलो आणि तुझीच बाजू घेतोय.

पण तुझ्यासारखी चोरी मी करणार नाही. पँट मशीनला देणार नाही, हे वचन. काम गेलं तरी.

थांब, दार वाजतंय. सेठ एवढ्यात?

सेठ नाही रे. बाळू! तू गेल्याचं त्याला आजच कळलं. डावा पाय ओढत आत आला, तुझ्या फोटोला हात जोडले, आणि खुंटीवरच्या पँटकडे बघत म्हणाला, "आरं, ही माजीच ना?"

पँटसाठी पिशवी शोधायला उठतोय.

तुझा भाचा,
पक्या