बर्फानं आणलेलं स्थळ

९ बहमन, दुपार

बर्फ! पहाटेपासून सारखा पडतोय. कोंबड्यांचं खुराडं दिसेनासं झालं. लाइट गेली, घाटातला रोड बंद. मला इतका आनंद झालाय की कुठं ठेवू कळेना, म्हणून वहीत ठेवतेय. वही सेपीदेची, माझ्या लेकीच्या लेकीची. नऊ वर्षांची आहे, शाळेला सुट्टी म्हणून माझ्याकडे आलीय. पहिली सहा पानं गणिताची होती ती फाडली. गणित काय, पुन्हा करता येतं. मी मोठ्या बायकांच्या वर्गात चौथीपर्यंत शिकले, तेव्हा चुका असतील. असू देत. वाचणार कोण.

आनंदाचं कारण लिहायचं राहिलंच. माझा बख्तियार अडतीस वर्षांचा झाला आणि अजून बिनलग्नाचा. अकरा मुली दाखवल्या. अकराही मुलींसमोर हा चहाच्या पेल्यात बघत बसला, जणू काही मुलगी आतच बुडालीय. मी देवाला म्हटलं, आता मी काही दाखवत नाही, तूच दाराशी आणून टाक.

आणि टाकली! सकाळी अकराच्या सुमाराला बख्तियारनं ट्रॅक्टर लावून घाटातनं एक गाडी ओढून आणली. गाडीत कोण? मुलगी! माहरुख नाव, पलीकडच्या खोऱ्यात दवाखान्यात सुईण आहे. एकोणतीस. दात छान. सोबत तिचे वडील मश्दी हातम. मधमाश्या पाळतात, ताडमाड उंच, बायको जाऊन सात वर्षं झाली. बिचाऱ्यांचे बूट भिजून चिंब. बख्तियारसाठी मी करड्या लोकरीचे दोन जोड विणले होते, त्यातला एक मश्दींना दिला. म्हणाले, "तूती खानम, असे मोजे सात वर्षांत पायात घातले नाहीत." म्हणजे लोकरीतलं कळतं माणसाला.

बेत ठरला. रोड उघडायला चार दिवस लागतील. चार दिवसांत साखरपुडा.

९ बहमन, संध्याकाळ

कोरसी लावली. लाइट असती तर विजेची लावली असती, पण बरंच झालं. बुटक्या मेजाखाली खऱ्या निखाऱ्यांची शेगडी आणि वरनं आजेसासूबाईंची रजई, यातली ऊब विजेत नाही. सगळ्यांनी कंबरेपर्यंत आत शिरायचं आणि गप्पा मारायच्या. जागा मी वाटल्या. मानाच्या बाजूला मी आणि सेपीदे. उजवीकडे बख्तियार. डावीकडे माहरुख, म्हणजे दोघं समोरासमोर. माझ्यासमोर मश्दी, ते कुठंही चालतील.

बख्तियारनं चहाच्या पेल्यात बघायला सुरुवात केली. मला हे माहीत होतंच. मी रजईखालनं उजवीकडे पाय सरकवला आणि त्याच्या पायावर हळूच दाबला. बोल, म्हणून. पाय त्याचाच, खात्री आहे. माझी वीण मी पायानंसुद्धा ओळखते.

बोलला नाही. मश्दींना मात्र ठसका लागला. चहा फार गरम होता वाटतं.

१० बहमन

थंडीचा थोरला चिल्ला संपला, आजपासून धाकटा. चाळीस दिवसांचा थोरला परवडला, वीस दिवसांचा धाकटा फार द्वाड. कडाका असा की बादलीतल्या पाण्यावर काच बसलीय. उत्तम.

मश्दींनी सकाळी दाढी केली. एवढ्या थंडीत! माझा हातातला आरसा मागून घेतला आणि मिशांना कात्रीही लावली. परक्या घरात नीटनेटकं राहावं असं वळण असेल. मुलीला पण वळण असणार. गाडीतनं मधाची बरणी आणून माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, "अहो कशाला." तर म्हणाले, "गोड माणसाला गोड." मी हा मध बख्तियारच्या न्याहारीत घातला. गोड बोलायला लागेल.

निश्चय: आपण कमी बोलायचं, मुलांना बोलू द्यायचं.

दुपारी आश केली, घट्ट, शेवया भरपूर. जेवताना कोणीच बोलेना म्हणून मी आपलं माझ्या लग्नाचं सांगितलं. मग माझ्या बहिणीच्या लग्नाचं. मग आमची गाय वरातीत शिरली होती ते. आश संपली तेव्हा गाईवरच होते. बख्तियार एकच वाक्य बोलला. माहरुखला विचारलं, "तुमच्याकडे बर्फ किती पडतो?" ती म्हणाली, "इतकाच." झालं.

मी पाय दोनदा दाबला. आणि काय सांगू! पायानं उलटा दाब दिला! हळूच, पण दिला. पोरगा पेटलाय. तोंडापर्यंत यायला वेळ लागतोय एवढंच.

११ बहमन

छपरावर कमरेइतका बर्फ. झाडला नाही तर माती खाली येते. बख्तियार लाकडी फावडं घेऊन वर गेला. आणि मागोमाग मश्दी! अडुसष्टाव्या वर्षी! मी अंगणातनं ओरडले, "मश्दी, उतरा खाली, हाडं मोडतील!" वरनं टोपी काढून म्हणाले, "खानम, तुम्ही सांगितलंत तर उतरतो. नाही तर नाही." किती अदब! आमचे हे, देवाघरी सुखी असोत, मी सांगितलं की मुद्दाम आणखी वर चढायचे.

माहरुख खिडकीत उभी होती. मला वाटलं छपराकडं, म्हणजे बख्तियारकडं बघतेय. जवळ गेले तर मोबाइल. त्या एकाच खिडकीत रेंज येते. हसत होती, गाल लाल, "जान, जान" चाललं होतं. हल्लीच्या मैत्रिणी एकमेकींशी फार प्रेमानं बोलतात. मला बघून म्हणाली, "मावशी, रोड कधी उघडेल हो?" मी म्हटलं, "बाई गं, मागच्या साली तीन आठवडे लागले होते." पाच दिवस लागले होते. पण तीन आठवडेही लागू शकतात.

सेपीदेची पेन्सिल रजईखाली गेली. शोधायला आत शिरली ती किती वेळ बाहेरच येईना. आली तेव्हा तोंड लालबुंद आणि पोट धरून हसतेय. मी म्हटलं निखाऱ्यांचा धूर चढला. कपाळाला हात लावला, गरम नव्हतं. तरी उकळलेलं पाणी पाजलं. पाणी नाकातनं बाहेर आलं.

निश्चय: पायानं आता स्पष्ट सांगायचं. आडून आडून नको.

१२ बहमन

स्पष्ट सांगितलं. आबगोश्तातलं मटण कुटताना तीन वेळा, टाचेनं. मनातल्या मनात म्हणत होते, अरे वय निघून चाललंय, किती दिवस एकटा राहणार. पायाला कळलं असावं, कारण तिन्ही वेळा उत्तर आलं. पण तोंडानं बख्तियार एवढंच म्हणाला, "मीठ द्या."

मश्दींनी मात्र दिवसभर गाणी म्हटली. आवाज बरा आहे. जुनी गाणी, बहुतेक सगळी विरहाची. मीही दोन म्हटली, पाहुण्याला एकट्याला कसं गाऊ द्यायचं. माहरुखनं मान खाली घातली होती. लाजली असेल. लाजणं चांगलं लक्षण.

मश्दी म्हणाले, "तूती खानम, या घरातनं जावंसं वाटत नाही." मला भरून आलं. मुलीच्या बापालाच सासर आवडलं तर मुलीचं काय अवघड!

१३ बहमन, सकाळ ९

ऊन पडलं. मेल्या उन्हाला आजच मुहूर्त सापडला. घाटातनं बर्फ सारणाऱ्या मशीनचा आवाज येतोय. दोन तास, फार तर तीन. माहरुखनं पिशवी भरली. बख्तियार तिला पिशवीची चेन लावून देतोय आणि गप्प.

सकाळ १०

शेवटचा डाव टाकला. सगळ्यांना कोरसीत बसवून चहा दिला आणि मोठ्यांदा म्हटलं, "ज्याच्या मनात काही असेल त्यानं आता बोलावं. रोड उघडला की बोलणी राहून जातात." आणि उजवीकडे पाय असा दाबला, असा दाबला, की बोटं वळली.

आणि मश्दी उठले! टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि म्हणाले, "बख्तियारखान, जरा अंगणात येता का? घरातल्या कर्त्या पुरुषाशी बोलायचंय."

मुलीचा बाप स्वतः विचारणार! आमच्यात असं होत नाही, मुलाकडचे जातात. पण काळ बदलला. मी कुणाची मेली नजर लागायला नको म्हणून निखाऱ्यावर इस्पंद टाकला. जरा जास्त पडला. सगळे खोकतायत.

सकाळ १०.४०

अजून अंगणात आहेत. मी पडद्याआडनं बघितलं. बख्तियार बोलतोय! हात हलवून बोलतोय! चार दिवसांत ज्यानं बर्फ आणि मीठ एवढंच तोंडातनं काढलं, तो पोरगा थांबतच नाहीये. मध्ये हसला. मश्दींच्या खांद्यावर हात ठेवला. सासऱ्याच्या खांद्यावर जावयानं हात ठेवणं जरा आगाऊ आहे, पण मी आज काही म्हणणार नाही.

माहरुखच्या हातावर अक्रोड ठेवून म्हटलं, "ये गं, आता लाजू नकोस." ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला आधीपासून सगळं माहीत होतं?" मी म्हटलं, "मीच तर जुळवलं." तिनं माझ्या गालाचा मुका घेतला.

१३ बहमन, दुपार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

गाडी गेली. बख्तियार आत आला, माझ्यासमोर मश्दींच्या जागेवर बसला आणि म्हणाला, "आई, एक स्थळ आलंय."

मी म्हटलं, "कळलंय मला. बोल पुढं."

"माणसं चांगली आहेत. घर स्वतःचं आहे. चाळीस पेट्या मधमाश्या."

"अरे ते सगळं ठीक. मुलगी काय म्हणाली?"

"मुलगी नाही, आई. मुलगा आहे. अडुसष्ट वर्षांचा."

मी म्हटलं, "काय बरळतोस." तर त्यानं नीट सांगितलं. माहरुखचं लग्न नवरोजनंतर आहे, गुरांच्या डॉक्टरशी, दोन वर्षांपूर्वीच ठरलंय. खिडकीतला "जान" तो. मुलगी गेली की मश्दी एकटे पडणार. त्यांनी कधी असा विचारही केला नसता, ते म्हणाले, पण पहिल्याच संध्याकाळी खानमनी स्वतःहून, अगदी आडवळणानं, रजईखालनं.

मी म्हटलं, "तो पाय तुझा होता!"

बख्तियार म्हणाला, "माझा कसा असेल? परकी मुलगी समोर बसलेली, तिच्याकडं पाय पसरायचे? मी चारही दिवस मांडी घालून बसलो होतो. गुडघे अजून सरळ होत नाहीत."

सेपीदे म्हणाली, "ननाजान, मी बघितलं होतं ना आत शिरून. मश्दींचे पाय खूप लांब आहेत. ते पाय तुमच्या उजवीकडे येऊन बसायचे."

"मग बोलली का नाहीस गं, सटवे?"

"तुम्ही दोघंही खूश होतात."

मी म्हटलं, माझं वय त्रेसष्ट, मला नातवंड आहे, गाव काय म्हणेल, आताच्या आता त्या माणसाला फोन कर आणि नाही म्हणून सांग. तर बख्तियार, ज्याला अकरा मुली दाखवल्या तो बख्तियार, मला म्हणाला, "आई, वय निघून चाललंय. किती दिवस एकटी राहणार?" अकराही वेळा मी त्याला ऐकवलेलं माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. आणि वर म्हणाला, "मी त्यांना शब्द दिलेला नाही. शुक्रवारी ते येतील, काय ते तूच तोंडानं सांग. पायानं नको."

मी तोंडानंच सांगणार आहे. स्पष्ट नाही. दुपारभर म्हणून बघितलं, आरशात पण म्हणून बघितलं, चांगलं जमतंय.

आत्ताच रेडिओवर सांगितलं, गुरुवारपासून पुन्हा बर्फ. बख्तियारला म्हटलं, उद्याच ट्रॅक्टरच्या चाकांना साखळ्या बांधून ठेव आणि शुक्रवारी घाटाच्या खालपर्यंत जा. तो हसला. हसण्यासारखं काय आहे त्यात? नकार द्यायचा तर समोरासमोर द्यावा लागतो. त्यासाठी माणूस वर पोचायला तर हवा.