आजोबांनी बांधलेली ताडपत्री

भांडुप, १९ मे

ती. आजोबांना प्रांजलचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

शेजारचा विशालदादा उद्या गावी निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. सगळी गल्ली ऐकते.

आंबे उतरवले का? शिडीवर तुम्ही चढू नका, गडी बोलवा. इथे सगळं ठीक आहे. पाणी वेळेवर येतंय, सुयोगदादाची ड्यूटी बदलली. उकाड्याचं मात्र विचारू नका.

एप्रिलमध्ये आम्ही कॉलेजच्या पोरांनी गल्लीतले पत्रे पांढरे केले, तेव्हा तुम्ही हसला होतात, "पत्र्याक पावडर कित्याक?" पण ऊन परतवणारा तो रंग लागल्यावर माळ्यावरच्या थर्मामीटरचा पारा उतरला. भरदुपारी तिथे छान झोप काढून "झकास!" कोण म्हणालं होतं?

मग गावी निघायच्या आदल्या दिवशी, दर मे महिन्यात बांधता तशी, तुम्ही त्याच पत्र्यावर काळी ताडपत्री बांधलीत. "पावसाचो भरवसो नाय. मी येयसर कोणी हात लावूचो नाय." आपल्या घरात तुमच्या शब्दापुढे कोण जातं! सुयोगदादाला मी म्हटलं, पांढरा रंग झाकला गेला, घर पुन्हा तापतंय. तर तो म्हणाला, "आजोबा येऊ देत गं."

रश्मीवहिनी माहेरी गेलीय असं आईने तुम्हाला सांगितलं ना? ती माहेरी नाहीये. हॉस्पिटलमध्ये आहे.

माळ्यावर कपड्यांच्या घड्या घालताना ती कोसळली. मी वर धावले तर तिचं अंग इतकं तापलेलं की हात लावता येईना, आणि घामाचा थेंब नव्हता. आठवा महिना आहे, आजोबा. तिला शिडीवरून खाली घेताना मी इतकी घाबरले की रडूही आलं नाही.

आता ती शुद्धीवर आहे. बाळाचे ठोके ऐकू येतात, पण डॉक्टर "बघू" एवढंच म्हणतात. त्या "बघू"ची मला फार भीती वाटते. उद्या तिला घरी सोडणार आहेत, आणि तापलेल्या खोलीत ठेवू नका असं बजावलंय. चारकोपला तिच्या माहेरी एका खोलीत आधीच सहा माणसं. इथे खाली झोपवलं तरी डोक्यावर पत्रा तोच.

म्हणून आज सकाळी मी पत्र्यावर चढले. तुमच्या गाठी सुटेनात. नखं तुटली, पण एक गाठ हलली नाही. शेवटी कोयत्याने दोऱ्या कापल्या. ताडपत्री नीट घडी करून पलंगाखाली ठेवलीय.

दुपारी थर्मामीटरचा पारा उतरला. आणि आता डोंगराकडून आभाळ भरून आलंय. रंग देण्याआधी आम्ही खिळ्यांची भोकं बुजवली होती, पण त्यावर अजून पाऊस पडलेला नाही. गळलं तर वहिनीच्या अंथरुणावर गळेल. ताडपत्री पुन्हा बांधली तर ती पुन्हा भाजून निघेल. काय करू ते कळत नाही.

नवी दोरी आणलीय. ऊन पडलं की झटकन सुटेल आणि ढग आले की ओढून बांधता येईल, अशी गाठ हवी. ती मला येत नाही, दादालाही नाही. तो म्हणतो, आजोबा खवळतील. खवळा. पण इथे येऊन खवळा. आंबे राहू देत झाडावर.

तुमचा शब्द मोडलेली आणि फार घाबरलेली,
प्रांजल