आप्पांच्या बॉयलरचे सहा रिवेट

सातपूर, नाशिक
९ नोव्हेंबर २०२५

ती. मालनअक्का हिस,
सावळीरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत, दाजींची आणि तुझी खुशाली कळव. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतेस, म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की आप्पांचं वाफेचं इंजिन मी पेटीतून बाहेर काढलंय. रिटायर होऊन सात वर्षं झाली. कंपनीने काम काढून घेतलं, हातांची खाज मात्र माझ्याकडेच राहिली. हातभर लांबीचं ते पितळी धूड सध्या जेवणाच्या टेबलावर सुटं होऊन पसरलंय आणि आमची सूनबाई संजना ताट घेऊन गॅलरीत जेवते. परवा तिने उपम्यातून एक वॉशर काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

१४ डिसेंबरला गंगापूर रोडला आमच्यासारख्या इंजिनवेड्यांचा मेळा आहे. म्होरके पंचवटीतले ढुंढिराजपंत. घरची भिक्षुकी सोडून बँकेत गेले आणि बँकेतून सुटल्यावर वाफेच्या नादी लागले. प्रत्येक इंजिनाशेजारी त्याचा इतिहास लिहिलेला पुठ्ठा लावायचाय. माझा तयार आहे: मनमाडच्या लोको शेडचे फिटर आप्पा यांनी हे इंजिन १९६९ च्या भीमजयंतीला अख्ख्या रेल्वे चाळीसमोर चालवलं, बारा वर्षांच्या लेकीला पाण्यावर लक्ष ठेवायला बसवलं, लेक मिरवणूक बघत बसली, पाणी संपलं आणि बॉयलर फुटला! घरातला सगळ्यात जुना विनोद आहे, हॉलमध्ये हशा पिकणार. तू यायचंच.

कळावे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा,
सावळीराम

*

सायखेडा
१४ नोव्हेंबर २०२५

चि. सावळीराम यास,
अनेक आशीर्वाद व मंगल कामना. जयभीम.

पत्र पावलं. तुझं अक्षर अजून चौथीतच आहे. चुका लाल पेनाने दाखवून पत्र सोबत परत पाठवलंय, सवड मिळेल तेव्हा दुरुस्त कर. इकडे कांद्याची लागवड चालू आहे आणि तुझे दाजी बांधावर उभे राहून सगळ्यांना न मागितलेले सल्ले देतात. संजनाला सांग, उपमा करताना झाकण ठेवत जा. आपल्या घरात यंत्रं चालत येतात.

आता मुद्द्याचं. तो पुठ्ठा लावू नकोस. मला त्याचं हसू येत नाही. कधीच आलं नव्हतं. तुम्ही सगळे हसत होतात म्हणून मीही हसत होते. मी मिरवणूक बघत नव्हते, हे तेव्हाही सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून मी हातातल्या प्रत्येक गोष्टीवर पहारा देत आले आहे. मागे एकदा गॅस बंद केला की नाही या शंकेने चांदोरीला एसटीतून उतरून घरी आले होते. बंद होता. दाजी अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात.

मेळ्याला मी येणार नाही. तुझं इंजिन छान चालो.

बाकी क्षेम. माया आहे, पण या पत्रापुरती थोडी कमी.
तुझी,
अक्का

*

सातपूर, नाशिक
२३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कान धरून लिहितोय, त्यामुळे अक्षर आणखी बिघडलंय.

काल बॉयलरवरच्या लाकडी पट्ट्या सोडवल्या. बॉयलरचं मागचं तोंड बंद करणाऱ्या चकतीला गोल सहा रिवेट मारलेले दिसले. मी बघतच राहिलो. ही चकती बसवताना सांडशीने मीच धरली होती, नऊ वर्षांचा होतो, बोट भाजलं होतं, म्हणून पक्कं आठवतं. तेव्हा आप्पांनी नुसतं सोल्डर केलं होतं. रिवेट एकही नव्हता.

सोल्डरने गळती थांबते, वाफेचा जोर त्याला पेलत नाही. जोर धरायला रिवेट लागतो. हे शेडमधल्या नवख्या पोरालाही माहीत असतं, मग आप्पांना नसेल? पण जयंती चार दिवसांवर आली होती, चाळीला शब्द देऊन बसले होते. घाई केली. चकती उडाल्यावर इंजिन गोणपाटात बांधून ठेवलं आणि कोणाला हात लावू दिला नाही. मग कधीतरी गुपचूप हे सहा रिवेट मारले. म्हणजे चूक कुठे झाली ते त्यांना कळलं होतं.

आणखी एक. तळाचं, ज्योतीच्या थेट वरचं जुनं सोल्डर जसंच्या तसं आहे. पाणी संपलं असतं तर आधी तेच वितळलं असतं. पाणी होतं, अक्का. तू बघत होतीस.

मी छप्पन वर्षं हसलो. मला फार लाज वाटतेय. पुठ्ठा फाडला.

रागाव, पण पत्र लिहीत राहा.
तुझा,
सावळीराम

*

सायखेडा
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सावळीराम यास,
आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. लाल पेन उघडलं नाही.

त्या दिवशी माझा परकर भिजला होता, आणि मागची भिंतही. पोळली नाही हेच नशीब, असं आई म्हणाली होती. आता सांग, संपलेल्या पाण्याने भिंत भिजते कशी? पस्तीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं आणि हा साधा प्रश्न मला पडला नाही. आप्पा चुकू शकतात हेच मला ठाऊक नव्हतं.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. मॅट्रिक झाल्यावर मी आयटीआयचा फॉर्म आणला होता. आप्पांनी तो घडी घालून परत दिला. म्हणाले, जिला पाणी सांभाळता आलं नाही तिच्या हाती मशीन कोण देईल. मग मी डी.एड. केलं. शाळा मला आवडली, पोरांनी जीव लावला, वाईट काही झालं नाही. पण तसं म्हणताना त्यांना ते सहा रिवेट आठवले असतीलच ना? मला आप्पांचा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं ते मला जमेना, म्हणून काल दाजींवर रागावून घेतलं. मी काय केलं, असं ते बिचारे दिवसभर विचारत होते.

तुझा राग नाही. तू नऊ वर्षांचा होतास. पुढची छप्पन वर्षं मात्र माझ्या हिशेबी आहेत, ती फेडायला चौदा तारखेला तयार राहा. मी येते. आग मी पेटवणार आणि पाणी मी बघणार. तू फडकं घेऊन बाजूला उभं राहायचं. पुठ्ठ्यावर आप्पांची बदनामी नको आणि खोटंही नको. जमव कसंतरी.

बाकी भेटीत. माया पूर्ववत.
अक्का

*

सायखेडा
१७ डिसेंबर २०२५

चि. सावळीराम यास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

सुखरूप पोचले. एसटीत इंजिन मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, बाईंचं अर्धं तिकीट, पण या आगगाडीचं पूर्ण घ्यावं लागेल. सगळी बस हसली, मीही हसले, आणि या वेळी मला खरंच हसू आलं.

वीस मिनिटं एका दमात चाललं रे! शिट्टी वाजली तेव्हा ढुंढिराजपंतांचा चहा धोतरावर सांडला आणि ते तसेच टाळ्या वाजवत राहिले. तू फडकं धुवायला गेलास तेव्हाचं राहिलंय ते सांगते. त्यांची नात आभा, इंजिनिअरिंगला आहे ती, माझ्याकडे बघत होती. मी रेल्वेत कुठल्या शेडला होते, असं तिने विचारलं. मी म्हणाले, कुठल्याच नाही. पण जायचं होतं मला.

अडुसष्टाव्या वर्षी हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडलं. पोरगी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि आत पाणी किती उरलंय हे कशावरून ओळखायचं ते विचारू लागली. आवाजावरून ओळखतात. मी तिला कान जवळ न्यायला लावून ऐकवलं. मला स्वतःला आता तो आवाज येत नाही, पण कुठे बदलतो ते आठवतं.

इंजिन चार दिवस ठेव आणि परत पाठव, असं तू म्हणाला होतास. ते आता इथेच राहील. मागत नाही, कळवते आहे.

उत्तर लवकर लिही, अक्षराकडे मी दुर्लक्ष करीन.
तुझी,
मालनअक्का