तुलनेची बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा तेच! आधी कायदा की आधी पाणी — अख्खी बैठक याच प्रश्नावर वाहून गेली. पर्यावरण धोरणाची पदवी सुरू करायला निघालोय, नव्या वर्षी पहिली तुकडी बसवायची आहे, आणि पहिल्या सत्रात काय शिकवायचं तेच ठरत नाही. प्राचार्य म्हणजे आमचे होयबा. जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटतं. म्हणून मी नेहमी शेवटी बोलते.

माझं म्हणणं साधं आहे. इतकी वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. मुलं कलमं घडाघडा म्हणतात, पण आपल्या मोरीचं पाणी कुठे जातं ते एकाला सांगता येत नाही. म्हणून पहिल्या सत्रात फक्त पाणीपाठ. एक ओढा किंवा नाला धरायचा, उलट दिशेने चालत वर जायचं, कुठे काय मिसळतं ते बघायचं. कायदा नंतर. डोळ्यांनी पाहिल्यावर कलम आपोआप पाठ होतं.

रसायनवाले सर म्हणाले, ‘बाई, मुलांना नाल्याकाठी हिंडवलंत तर पालक आपल्याला हिंडवतील!’ सगळे हसले. मीही हसले. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी माझी पाण्याची बाटली संपवली. ‘तुमच्या बोअरच्या पाण्याला चव आहे हो!’ घरी आल्यावर दादाला सांगितलं, तर स्वारी दोन बोटं वर! बोअर त्याने स्वतः उभं राहून खणून घेतलीय. आल्यागेल्याला आधी पाणी पाजतो, मग बोलतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

होयबा म्हणाले — एकदा करून दाखवा, मग ठरवू. ठीक आहे! दाखवते.

८ फेब्रुवारी, शनिवार

नाला ठरला — आमच्या घरामागचाच. लांब जायला नको, परवानगीची कटकट नको. खरं म्हणजे ही कल्पना चिमणीची. चिमणी म्हणजे दादाची मुलगी. नाव चिमणी, आवाज कर्ण्याचा. शाळा संपवून बसलीय आणि माझ्या पहिल्या तुकडीत यायचंच म्हणून हटून बसलीय.

दादाला आधी पटत नव्हतं. ‘धोरण शिकून पोट कसं भरणार? त्यापेक्षा शेडमध्ये ये, हिशेब बघ.’ घरामागे त्याचं शेड आहे. पितळी नळ येतात, त्यांना क्रोमची चकाकी चढवून परत जातात. आरशासारखे! मग रात्री जेवताना स्वतःच म्हणाला, ‘शिकवणार तूच ना? मग घाल तिला. तुझ्या हाताखाली आहे म्हटल्यावर मला घोर नाही.’ एवढंच बोलला. मला भरून आलं.

वहिनीच्या हातांना पुन्हा भेगा पडल्यात. आता म्हणे साबण बदलून बघते. मागच्या वेळी भांड्यांची पावडर बदलली होती. मलमाची ट्यूब दिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हात दाखवून अवलक्षण! दुसरा शब्द नाही.

सकाळी शेवटच्या वर्षाची काही मुलं आणि चिमणी घेऊन पुलापासून निघाले. मुलं खुशीत होती. लॉन्ड्रीचा फेस, गॅरेजचं तेल, कुणाच्या तरी बाथरूमचा उघडा पाइप — वहीत टिपत, नाक दाबत, एकमेकांना ढकलत चाललो होतो. एक पोरगा म्हणाला, ‘मॅडम, हा विषय आधी का नव्हता?’ मी मनात म्हटलं, होयबांना हे ऐकवायला हवं होतं!

वळणावर आलो आणि एक भिंत दिसली. खालच्या बाजूने पिवळी ओल चढलेली. अशी पिवळी की मातीची म्हणता येणार नाही. मुलं माझ्याकडे बघायला लागली. चिमणीच बोलली — ‘हे आमचंच शेड आहे.’

भिंतीच्या पायथ्याशी नाल्याचं पाणी एका बाटलीत घेतलं. दुसरी बाटली आमच्या स्वयंपाकघराच्या नळावर भरली. रसायनवाल्यांनी बजावून सांगितलं होतं — तुलनेला चांगलं पाणी हवं, नाहीतर वाईट किती वाईट ते कसं कळणार? म्हटलं, आमच्या बोअरपेक्षा चांगलं पाणी कुठलं! घरच्या बाटलीच्या झाकणावर चिमणीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.

कायदा शिकलेली असती तर तक्रारअर्ज लिहिला असता पोरीने. शिकलेली नाही, म्हणून सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली. ‘बाबा, तुम्ही नाल्यात सोडता का हो?’

‘एक थेंब नाही!’ दादा ओरडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तू हे शिकवतेस तिला?’

पाणीपाठ टिकला तर दादाचं शेड जाईल. गेला तर माझा अभ्यासक्रम म्हणजे नुसता कागद. आपलेच दात, आपलेच ओठ.

१६ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी दादा पेपर घेऊन वर माझ्याकडे येतो, मोठ्याने वाचतो, सरकारला शिव्या देतो. आज जिन्यावर पावलं वाजलीच नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तपासणी झाली. रसायनवाले सर मला व्हरांड्यात घेऊन गेले.

‘बाई, एका बाटलीत क्रोमियम आहे. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट. दुसरी बऱ्यापैकी ठीक.’

‘नाल्याची ना?’

ते हसले. ‘तीच तर गंमत! ठिपकेवाली वाईट निघालीय. पोरांनी बाटल्यांची अदलाबदल केली. दुसरं काय? घरचं पाणी नाल्यापेक्षा घाण कसं असेल!’

चिमणीला विचारलं. ‘आत्या, मी नाही बदलल्या. ठिपका मीच लावला, झाकण मीच घट्ट केलं.’ डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, ‘अगं, होतं असं घाईत.’ तिने माझ्याकडे असं पाहिलं — नको ते आठवायला.

बाटल्या बदलल्या म्हणजे ते विष नाल्याचं. म्हणजे आमच्या भिंतीतून आलेलं. म्हणजे दादा पोटच्या पोरीच्या तोंडावर खोटं बोलला. ज्याने मला सायकल शिकवली, माझ्या फीसाठी स्वतःचं शिक्षण सोडलं, तो. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. नुसती भीती वाटली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बैठकीत मी शेवटी बोलले नाही. आधीच बोलून मोकळी झाले. म्हटलं, पाणीपाठ तिसऱ्या वर्षात टाकू, ऐच्छिक ठेवू. रसायनवाले म्हणाले, ‘पुन्हा नमुने घेऊ ना, त्यात काय!’ मी म्हटलं, एवढं कशाला? होयबांना तर आनंदच झाला. ‘बाई, तुम्ही फार समंजस आहात.’ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझी बाटली आजही सगळे प्याले. मला मात्र घोट उतरेना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चिमणी वर आली. दारातच उभी राहिली.

‘मी नाही येणार तुझ्या कोर्सला. धोरण म्हणजे न बघणं, हे मला घरी बसूनही येईल.’

कर्ण्याचा आवाज नव्हता. हळूच बोलली. त्यानेच जास्त लागलं. तिला म्हणणार होते, हे सगळं तुझ्या बापासाठी करतेय गं! पण कुठल्या तोंडाने? तिला मी खोटं ठरवलं, तिच्या बापालाही मनातल्या मनात खोटा ठरवून बसलेय. आणि वर उपकार केल्याचा आव!

२६ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी दादानेच कोंडी फोडली. कॉलेजमधून येत होते, हाताला धरून सरळ शेडमध्ये नेलं. लहानपणी न्यायचा तसंच.

‘तुझा माझ्यावर विश्वास नाही. बोलत नाहीस, पण दिसतं मला.’



शेडच्या मागच्या कोपऱ्यात, बोअरच्या पलीकडे, एक लोखंडी झाकण आहे. ते त्याने जोर लावून सरकवलं. खाली खोल खड्डा, तळाला दगडगोटे, वर पिवळं पाणी. ‘नळ धुतलेलं सगळं पाणी इथे येतं. सगळं इथेच मुरतं. भिंतीला थोडी ओल धरते, तेवढंच. पुलाच्या पलीकडे, खालच्या अंगाला, बाकीचे शेडवाले पाइप काढून नाल्यात सोडतात. मला म्हणतात, वेडा आहेस. मी म्हणतो, आपली घाण आपल्या दारात. लोकांच्या पाण्यात कशाला?’ झाकणावर हात ठेवून म्हणाला, ‘शोषखड्डा बांधला तेव्हा तुझीच आठवण झाली होती. म्हटलं, बाईसाहेब असल्याच गोष्टी शिकवतात.’

खोटं बोलत नव्हता तो! इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. रडले मी तिथेच, त्या वासात. तोही गडबडला. ‘अगं, रडायचं काय त्यात? चल, पाणी पी आधी.’

बोअरच्याच नळावर ग्लास भरून दिला. घटाघटा प्याले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं! पुन्हा नमुने घ्यायचे. नाला साफ निघाला की दादा सुटला, आणि पाणीपाठ परत पहिल्या सत्रात. होयबांच्या नाकावर टिच्चून!

दोन्ही बाटल्या मी स्वतः भरल्या. मग खाली जाऊन चिमणीकडे लाल नेलपॉलिश मागितलं. कशाला, म्हणून विचारलं नाही तिने. ठिपका मात्र स्वतःच लावला. माझ्या हाती बाटली द्यायलाही तयार नव्हती, कॉलेजपर्यंत पोटाशी धरून आली.

४ मार्च, मंगळवार

नाला ठीक. ठिपकेवाली पुन्हा तशीच. रसायनवाले या वेळी हसले नाहीत. म्हणाले, ‘बाई, हे पाणी आपण सगळेच पितो ना?’

धावत घरी आले. दादा ओट्याशी उभा होता, पाहुण्यांसाठी तांब्या भरत. तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला. वहिनी भेगाळलेले हात पुसत बघत राहिली. ‘अगं, झालं काय?’ दादा विचारत होता. ‘अजून माझ्यावर संशय आहे का?’

कसं सांगू त्याला — तू अगदी खरं बोलत होतास!