एकच प्रमाण

सुरभी, ही चिठ्ठी नीट वाच, एक गोष्ट सांगतो. तुझ्या आईच्या छातीत गाठ लागली, तेव्हा मी वर्ध्याच्या इंटरनेट कॅफेत गेलतो. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, अशी गाठ आपोआप विरते. तिथूनच उठलो. घरी सांगितलं तर ती हसून म्हणे, "कीर्तनात महाराज एका अभंगाले चार संतांचे प्रमाण देते, अन् तुम्हाले एकच पुरलं?" मी टाळ घेऊन कीर्तनाला निघून गेलो. पुढच्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहाला ती नव्हती.

आता मावशीलाही तशीच गाठ आहे. तिला घेऊन दवाखान्यात चाललो. तू कॅफेत जा. आधी प्रश्न वहीत लिही, मग चार ठिकाणी पाहा. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, तेही टिपून आण. डॉक्टरांना विचारू. भाकर टोपल्यात आहे.

पहिल्याच पानावरून उठावंसं वाटलं, तर आईले आठवजो.

— बाबा