विंगेतून आलेलं ‘हो’

प्रिय ईटा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, आणि चारही रागाच्या. आईने या नाटकात उभं राहू नये, तिला आता आठवत नाही, चारचौघांत तिचं हसं होईल, आणि ‘तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही, तेव्हा तुम्हीच थांबवा.’ बोस्टनला बसून हुकूम सोडणं सोपं असतं गं बाई! पण तू खोटं काही लिहिलं नाहीस. तुझी आई, आमची कीलिन, विसरते. मागच्या मंगळवारी माझ्याकडे चहाला आली, पाव कापायला घेतला आणि सुरी वर धरून मला म्हणाली, ‘हिला काय म्हणतात गं?’ मी सांगितलं. ती खुदकन हसली. थांबवायचं की नाही, हे ठरवायला मला पाच दिवस लागले. सांगते काय ठरलं ते, पण आधी थोडं ऐकून घे. कारण सगळ्या जगाने तुझ्या आईला रंगमंचावर पाहिलंय, एक तू सोडून. तुझ्या पहिल्या कम्युनियनच्या, चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या, दिवशी ती लंडनला चित्रीकरणात अडकली होती, आणि चर्चमध्ये पांढऱ्या झग्यात तू उभी असताना तुझा हात मी धरला होता. तेव्हापासून तू नाटकाचं नाव टाकलंस. त्या रागातला निम्मा माझ्या वाट्याचा आहे, हेही मला ठाऊक आहे.

आम्ही दोघी आयर्लंडच्या पार टोकाला, डिंगल गावाच्या पलीकडच्या एकाच वाडीतल्या. तिचे वडील मासे धरायचे, माझे आजारी असायचे. सतराव्या वर्षी आम्ही ट्रली शहरातल्या एका हॉटेलात चादरी धुवायला लागलो. तिथे एक फिरती नाटक कंपनी उतरली होती. कीलिनने कंपनीच्या मालकाच्या बायकोला चहा नेऊन दिला आणि बाहेर आल्यावर तिची अशी नक्कल केली की मागून आलेल्या त्या बाईच जिन्यात बसून पोट धरून हसल्या. संध्याकाळी मालक म्हणाला, ‘पोरी, आमच्याबरोबर चल.’ ही म्हणते, ‘येईन, पण गॉबनेटला घेऊन. तिला इंग्रजी वाचता येतं. तिला पुस्तक घेऊन कुठेतरी बसवा.’ त्यांनी मला विंगेत बसवलं, नट अडला की पुढचा शब्द द्यायला. पन्नास वर्षं झाली, मी अजून तिथेच बसले आहे.

डब्लिनचा तो प्रयोग तुला सांगायलाच हवा. तिचं पहिलं मोठं काम. नाटकाच्या शेवटी अमेरिकेला निघालेला नवरा विचारतो, ‘येशील माझ्याबरोबर?’ नाटक इंग्रजी, आणि पुस्तकात तिच्या तोंडी एकच शब्द: ‘हो.’ आता आपल्या आयरिशमध्ये नुसतं ‘हो’ म्हणायला शब्दच नाही. ‘जेवलीस?’ तर ‘जेवले.’ ‘येशील?’ तर ‘येईन.’ तालमीत रोज ती ‘येईन’च म्हणायची आणि दिग्दर्शक रोज डोकं आपटायचा. ‘बाई, एका अक्षराचा शब्द आहे, तेवढा पाठ करा!’ पहिल्या प्रयोगाला नवऱ्याने विचारलं, आणि ही गप्प. उभीच. मी मनात पाचपर्यंत मोजलं, दहापर्यंत मोजलं. वाटलं, गेली, विसरली! आणि मी विंगेतून म्हटलं, ‘हो!’ घाबरून इतक्या मोठ्याने की पहिल्या पाच रांगांनी ऐकलं. ईटा, ती दचकली नाही. तिने अंधाराकडे मान वळवली, जणू घरातलंच कुणी हाक मारतंय, आणि अगदी हळू म्हणाली, ‘येईन.’ माणसं हुंदके देऊन रडली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की मेलेल्या आईने अंधारातून दिलेली परवानगी हा नाटकाचा कळस आहे. नाटकात आई नव्हतीच! लेखक आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. मी राजीनामा लिहून तिच्या पुढे धरला, तर तिने तो फाडला. ‘मूर्ख आहेस. मी विसरले नव्हते, मी ठरवत होते. पण उद्याही अस्संच ओरड.’ बासष्ट प्रयोग मी ओरडले.

आणि पुढे लंडनला तो चित्रपट. चुलीपाशी कोंबडीची पिसं काढताना मुलगा बुडाल्याची बातमी येते, एवढाच प्रसंग. संहितेत लिहिलं होतं, ‘ती किंचाळते.’ ती किंचाळली नाही. पिसं उपटत राहिली, फक्त हळूहळू, एकेक, जसं काही कोंबडीला दुखेल. कॅमेऱ्यामागचा तो आडदांड माणूस तोंड फिरवून उभा राहिला. अकरा वेळा चित्रित केलं, अकरा कोंबड्या लागल्या, दोन दिवस सगळे कोंबडीच खात होते, आणि अकराही वेळा ती वेगळी होती. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, शब्द न् शब्द मला पाठ होता, तरी पुढच्या क्षणाला काय होणार हे मला कधीच कळलं नाही. हे तिला कुठून येतं? चादरी तर आम्ही दोघींनी धुतल्या. मला अजून कळलेलं नाही, आणि अजून अंगावर काटा येतो. तो चित्रपट म्हणजे तुझ्या कम्युनियनचा आठवडा; चर्चसाठी मी दोन दिवस तिकडून तुझ्याकडे आले होते. त्या कामाला बक्षीस मिळालं तेव्हा परतताना ती गाडीत झग्यातला तुझा फोटो घेऊन बसली होती, थेट ट्रलीपर्यंत.

आता या नाटकाचं. शुक्रवारच्या तालमीत ती दुसऱ्या अंकात अडली. मी शब्द दिला, तिने घेतला, गाडी पुढे गेली. नंतर मी कोट चढवताना तिला स्पष्ट विचारलं. ‘भीती वाटते?’ ‘वाटते.’ ‘मग सोडायचं?’ ‘नाही सोडायचं. गॉबनेट, घरी मी विसरते तेव्हा एकटी असते. इथे कुणीतरी शब्द हातात धरून बसलेलं असतं.’ तेव्हा माझं उत्तर असं, की मी तिला थांबवणार नाही. तू माझ्यावर चिडशील तर चीड.

पण खरी गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. माझे डोळे गेले आहेत, ईटा. पानाच्या मधोमध धुरकट डाग दिसतो, आणि डॉक्टर म्हणतात तो आता वाढतच जाणार. हे पत्र शेजारची मेव्ह लिहून देते आहे. जुनी नाटकं पाठ असल्याने मी निभावली, कीलिनलासुद्धा कळू दिलं नाही. हे नाटक नवं आहे. शुक्रवारी मी दिला तो शब्द चुकीचा होता, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवून तो जसाच्या तसा म्हटला. थांबायला हवं ते मी. विंगेतली खुर्ची कुणा परक्याला द्यायची नाही. त्याला ती ठरवते आहे की विसरली आहे, हे ओळखता येणार नाही. तू लहानपणी दाराआडून तिच्यावर नजर ठेवायचीस, ती आता बॅग उचलून दौऱ्यावर निघणार का ते ओळखायला. तेवढं बारकाईने तिला कुणीच पाहिलेलं नाही, मीसुद्धा नाही. प्रयोग चौदा तारखेला आहे. तू येऊन पुस्तक हातात घे, आणि ती अडली की तिला तिचा शब्द दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
गॉबनेट मावशी